रेघेचे पैसे नाहीत

अक्षरामागे बारा रुपये.
काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार त्यातच धरायचे,
वडिलांपासूनचा रिवाज.
जोडाक्षरावरून मात्र भांडण होतं.
कुंकळ्ळीतला ळ्ळ एक की दोन,
यावर तुळशीदास वेळीप आणि मी
मडगावच्या माझ्या दुकानात
एक आख्खी दुपार घालवली आहे,
त्याची बस बाहेर उन्हात, इंजिन चालूच.

दोन गावांमधल्या रेघेचे पैसे मी कधी घेतले नाहीत.
मडगाव – केपे. मडगाव – कुडचडे.
ब्रश टेकवायचा, श्वास धरायचा, ओढायचा.
त्या चार इंचांत किती थांबे, किती चढ,
कोण सुट्ट्यांवरून तंडतं,
कोण झोपेत आपलं गाव मागे टाकतं,
ते माझ्या बिलात येत नाही.

गेल्या महिन्यात नवी पाटी आली.
मडगाव स्टेशन – बोरी – कुंडई.
कारवारहून पहाटेची जादा गाडी सुटणार,
तिच्यातल्या बायकांना कुंडईच्या कारखान्यांत
आठाच्या पाळीला पोचायचं.
आजवर काय करायच्या?
पायलटाच्या मागे बसायच्या, दिवसाचा निम्मा पगार देऊन,
नाहीतर नोकरीच सोडायच्या.
तुळशीदास म्हणाला, गाडी लेट असली तरी बस थांबणार,
वरून कागद आलाय.
मी विचारलं, ‘थांबते’ असं खाली लिहू?
बोटांवर मोजून तो म्हणाला, तीन अक्षरं.
छत्तीस रुपये कोण देणार?

एक काम मी पाट्यांत धरत नाही.
दुसऱ्या रुळाच्या वेळी कंत्राटदाराचा माणूस
मला भिंतींवर आकडे काढायला घेऊन गेला होता.
लाल ऑइल पेंट. आकड्यामागे वीस.
अक्षरापेक्षा आकडा महाग असतो
हे मला त्या दिवशी कळलं.
इश्पेरांसच्या बाल्कांवला सत्तेचाळीस आला.
तिनं आतून स्टूल आणून ठेवलं.
म्हणाली, उभ्यानं काढू नको, वाकडा येईल.
माझ्या सासऱ्यानं ही भिंत ओळंबा लावून बांधलीय.
मी बसून काढला.
साताचं शेपूट जरा लांबवलं,
सोनाराच्या पाटीवर लांबवतो तसं.
ती अंगणात मागे मागे जाऊन बघत राहिली,
डोळे बारीक करून म्हणाली, बरं आलंय.
मग पाणी विचारलं.
मी नको म्हटलं.
तहान होती.

भिंत गेली. पैसे मिळाले म्हणतात,
मिळायचेत असंही म्हणतात.
ती मुलीकडे कारवारला गेली.

सोमवारी पहाटे मी स्टेशनवर गेलो.
काम काही नव्हतं, पाटी कशी दिसते ते बघायचं होतं.
गाडी बावीस मिनिटं लेट.
तुळशीदास थांबला. इंजिनसुद्धा बंद ठेवून.
मग एकदम बायका आल्या, ओळखपत्रं गळ्यात,
एक चालता चालता डब्यातली भाकरी खात होती,
एक दुसरीच्या ओढणीला धरून झोपेतच होती बहुतेक.
बस भरली.
सगळ्यांच्या मागून, जिन्याचा कठडा सोडायला तयार नसलेली,
इश्पेरांस.
नवऱ्याच्या मिसासाठी आलेली, हातात मेणबत्त्यांचा पुडा.
बससमोर उभी राहून तिनं पाटी वाचली,
अक्षर अक्षर लावून.
आमच्या वाड्यावर जाते का ही?
नाही, मी म्हटलं. तिकडची अजून नाही सुरू झाली.
ती हं म्हणाली. मला ओळखलं की नाही, कळेना.
मग मागे मागे गेली, डोळे बारीक केले.
रेघ वाकडी आलीय तुझी.

बघितलं तर खरंच. बोरीच्या अगोदर जराशी वर चढलेली.
तुळशीदासनं इंजिन चालू केलं,
खिडकीतून डोकं काढून म्हणाला,
असू दे रे, तिथं पूल आहे.