शेऱ्याचा रकाना

गुरुवारी दुपारी अडीचला पालकवर्ग.
किल्ली छबूताईंच्या घरी, छबूताई शेळ्यांमागं,
सतरंज्या भजनी मंडळाकडं,
आणि फळ्यावर खडू उमटत नाही म्हणून
मी कॅलेंडरची पाठकोरी पानं घेऊन येते,
गेल्या वर्षीचे महिने
एकेक करून उलटे टांगते.

विट्याच्या कडेला ही आळी. भिंतीपलीकडं माग.
त्यांची खटाखट इतकी अंगवळणी
की लाइट गेली की बायका दचकतात,
आणि मग एकमेकींचं खरं बोलणं ऐकू येतं.
अवघड विषय मी लाइट जायच्या वेळेला ठेवते.
हे तालुक्याच्या बैठकीत सांगितलेलं नाही.

नोंदवहीत 'आई' आणि 'वडील' असे दोन रकाने.
वडिलांच्या रकान्यात सह्यांपेक्षा गावंच जास्त:
त्रिशूर. सिलिगुडी. बरेली. सेलम.
गलाईला गेलेली माणसं,
परक्या मुलखात सोनं गाळतात
आणि पोरांच्या वाढदिवसाच्या मेणबत्तीवर
फोनच्या काचेतून फुंकर मारतात.

रुक्साना मुलाणी म्हणाली,
"मारायचं न्हाई म्हणता मॅडम,
मग सांजच्याला सहा वाजता
भाकरी तव्यावर, धाकटं कडेवर
आन थोरलं दाराला लाथा घालतंय,
तवा काय करायचं?
सकाळचं नको. सहा वाजताचं सांगा."

माझ्या पुस्तिकेत पान अठरावर
'शांतपणे श्वास घ्या' असं आहे,
शेजारी इस्त्रीच्या साडीतली आई.
मी ते पान काढलंच नाही.
म्हटलं, मी काल सहा वाजता मारलं.
माझ्याच ओजसला. पाठीत, धपाटा.
कुणी हसलं नाही.
कुणीतरी पाण्याचा तांब्या
माझ्याकडं सरकवला.

त्या दिवशी दाराशी, चपलांच्या शेजारी,
भानुदास शितोळे बसलेला.
यात्रेसाठी आलेला, आठ दिवस.
बोटांची टोकं तेजाबानं पिवळी.
त्याची स्वरांजली, पाच वर्षांची,
आईच्या पदराआडून
त्याला 'अहो' म्हणते.
घरात त्याला कोणी दुसरं काही म्हणताना
तिनं ऐकलेलंच नाही.
सगळ्या हसल्या, वैजयंतासुद्धा.
भानुदासही हसला, जरा उशिरा.

मग कुणी विचारलं नसताना बोलला,
"आमच्यात दुकानचा केर टाकत न्हाईत.
झाडल्यालं, हात धुतल्यालं पाणी, पायपुसणं सुदीक.
साठवायचं, जाळायचं, गाळायचं.
गुंजभर तरी निघतंच.
ही फोनवर बडबडायची.
शेळी, चप्पल, कुणाला उचकी लागली, काय बी.
मी म्हणायचो, बास. आईकडं दे."

लाइट होती. माग चालू होते.
तरी ते सगळ्यांना ऐकू गेलं.

रात्री अहवाल भरला.
सत्र चौथे. विषय: संवाद.
उपस्थिती सतरा, पैकी पुरुष एक.
चहा-साखर एकशे चाळीस, पावती नाही.
शेऱ्याचा रकाना बोटभर रुंद.
तिथं मी 'अहो' लिहिलं,
मग खोडून 'समाधानकारक'.

दुसऱ्या दिवशी सहा वाजता
भाकरी तव्यावर, आणि ओजस दाराशी,
लाथ उगारलेली.
मी डोळे मिटून श्वास घेतला,
पान अठरा, जसंच्या तसं.
त्यानं पाय खाली घेतला.
"आई, काय हुंगतेस?"
मला हसू आलं. भाकरी करपली.

पुढच्या गुरुवारी रुक्सानाला सांगायला
माझ्याकडं एवढंच आहे.