हब निवेपर्यंत

नावेची गाडी आजवर कुणी मागितली नव्हती माझ्याकडे.
लाखांदूर रोडवरच्या या टिनाच्या शेडमध्ये
धानाच्या ट्रॉल्या झाल्या, थ्रेशरच्या चाळण्या,
एका देवळाचं त्रिशूळवालं फाटक.
मग कौतिका नान्हे आली, ढिवर सोसायटीची अध्यक्ष,
हातात सुतळी, सुतळीला गाठी.
"हे आमच्या नावेची लांबी. हे रुंदी. हा पोटाचा घेर.
चार तलाव ठेक्यानं घेतले, नाव एकच.
आधी सोळा खांदे लागेत.
आता खांदे बुटीबोरीले गेले, कंपनीत."

मी चौकट केली. तीन इंची चॅनल, पुढे निमुळती,
मुंगसाच्या तोंडासारखी.
भंगारातल्या जीपचा ॲक्सल, दोन्ही अंगांना पाट्यांची कमान,
नाकाला कपलर: लोखंडी वाटी,
पिकअपच्या गोळ्यावर बसते, खटका लागला की सोडत नाही.
तरीही खाली दोन साखळ्या, फुलीसारख्या,
कारण खटक्यावर विश्वास ठेवून
माझ्या एका बोटाचं पेर गेलं आहे.

नाव आली. फायबरची, बुडाला खरचटलेली,
अंगावर ऑइलपेंटनं लिहिलेलं नावेचं नाव: सरसोती.
रोलर मी चित्रात पाहून लावले होते, सारख्या अंतरावर.
कौतिका पदर खोचून खाली सरकली,
धुळीत पाठीवर पडली
आणि दोन्ही तळव्यांनी नावेचं पोट चाचपत राहिली,
बाजारात गाभण म्हैस चाचपतात तसं.
"इथं नाई भाऊ. इथं तिले हाड नाई.
पानी नावेले सगळीकून धरते,
तुमी तीन ठिकानी धरता.
मंग ते तीन ठिकानं तरी तिच्या मनाचे पाह्यजे."

खडूच्या खुणा झाल्या. रोलर हलले.
लांब दोन फळ्या सागाच्या,
त्यांवर जुन्या सतरंजीचे पट्टे ठोकले,
नाव सरकावी पण घासू नये म्हणून.
मग वजन. दहातला एक वाटा नाकावर हवा.
हे मला बंडीनं शिकवलेलं:
ओझं मागे गेलं की बंडी उलाळ होते,
बैलांचे गळे आवळतात.
इथे बैल नाहीत,
पण साठच्या स्पीडला गाडी शेपूट हलवू लागली
की ड्रायव्हरचा गळा आवळतोच.
ॲक्सल चार बोटं मागे घेतला.

समोर खांब, खांबावर विंच, विंचला पट्टा,
वर रबरी खोबण, जिथे नावेनं हनुवटी टेकायची.
मागचे लाल दिवे सुट्या पाटीवर,
पाण्यात जायच्या आधी काढून ठेवायला.
"दिवे पान्यात बुडवत नसतात," कौतिका म्हणाली,
"सोडतात."

पहिली फेरी मे महिन्यात. अठ्ठावीस किलोमीटर,
डांबर मऊ झालेलं.
तलावाच्या पाळीशी मी रिव्हर्ससाठी हात उंचावला,
तर तिनं पिकअपच्या बोनेटवर थाप मारली.
"उन्हातून आल्याआल्या पानी पेतात का?"

माहीत होतं मला. तापलेला हब गार पाण्यात गेला
की आतली हवा आकसते,
सील चुकवून पाणी आत ओढते,
ग्रीस ताकासारखं पांढरं पडतं
आणि महिन्याभरात बेअरिंग रडू लागतं.
माहीत होतं. पण माझं बिल बाकी होतं.

बसलो मोहाखाली. भाकर, जवसाची चटणी.
तिचा भाचा धनपाल मधूनमधून हबला बोट लावून यायचा.
अजून.
अजून.
अजून.
सावली पायांवरून सरकली तेव्हा म्हणाला, निवला.

गाडी मागे मागे गेली. टायर बुडाले, हब बुडाले.
फळ्यांवरचं वजन कधी उठलं ते दिसलं नाही,
पाट्यांना कळलं:
दबलेली कमान पुन्हा कमान झाली.
पट्टा सोडला.
सरसोती गेली.

रिकामी गाडी वर आली, चॅनलमधून पाणी गाळत.
सतरंजीत एक झिंगा अडकला होता.
कौतिकानं तो सोडवून तलावात टाकला,
मग हात पुसून पैसे मोजले. दोनशे कमी.
"साखळ्यांचे," म्हणाली,
"त्या तं तुमी तुमच्या बोटासाठी लावल्या."