श्रीयुत निख्तश्विमर

आईला वाटायचं, हे मालकाचं नाव.
उथळ बाजूच्या भिंतीवर
हिरव्या रंगाचे तीन हात देऊनही
दर हिवाळ्यात ओल धरून वर यायची
पंधरा फरशा, पंधरा काळी अक्षरं.
पळालेला कुणी जर्मन असणार, ती म्हणायची,
एवढा तलाव बांधला
आणि टॉवेलसुद्धा न घेता गेला बिचारा.

आम्ही सेहेचाळीस साली ल्वुफहून व्रोत्सवाफला आलो,
मालगाडीत एक शेळी, एक शिवणयंत्र
आणि मी पोटात.
ल्वुफची नदी रस्त्यांखाली गाडलेली,
वाहते, पण कुणाला दिसत नाही.
आई पोहायला शिकणार कुठे?
कचेरीतल्या माणसानं विचारलं, पाण्याची भीती वाटते?
ती नाही म्हणाली. खोटं बोलली.
तिकीटखिडकी मिळाली. एकतीस वर्षं.

बॉयलरवर हिएरोनिम होता, सिलेशियाचा,
दोन्ही भाषांत शिव्या देणारा.
तो सांगायचा: वेढा पडला तेव्हा
तलावातलं पाणी आगी विझवायला गेलं,
मग रिकाम्या हौदात घोडे बांधले.
खोल बाजूला नालांनी टवके उडालेल्या फरशा होत्या.
बुडी मारून, श्वास कोंडून,
आम्ही त्या बोटांनी चाचपायचो.
माझा आकडा एकोणीस.
आंजेयचा तेवीस, पण तो थापाड्या.

चौऱ्याहत्तरच्या सप्टेंबरात एक बाई आली,
हानोफरहून, राखाडी कोट, नाव ऑटिलिए.
तिला पोहायचं नव्हतं.
आत येऊन नुसता वास घेऊ द्या, म्हणाली.
हिएरोनिम मध्ये उभा राहून बोलणं पोचवत होता,
हातात कोळशाचं फावडं तसंच.

क्लोरीनला तिनं ओळखलं नाही.
ओल्या लाकडी बाकांना ओळखलं.
हेर्टा नावाच्या मैत्रिणीबद्दल बोलली:
एका सोमवारी दारावर पाटी लागली,
त्या दिवसापासून हेर्टाला आत सोडेनात.
तिच्या पासावर अकरा खेपा शिल्लक होत्या.
एवढंच सांगितलं. पुढचं
हिएरोनिमनंही विचारलं नाही.

मग आईनं भिंतीकडे बोट केलं:
आणि हे श्रीयुत? यांचं काय झालं?
बाई गोंधळली. मग हसली. मग डोळे पुसले.
हिएरोनिम म्हणाला, झेनोबिया, अगं ते नाव नाही,
"पोहता न येणाऱ्यांसाठी" असं लिहिलंय.
इतकी वर्षं मला वाटलं तुला माहीत आहे.

आई बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, म्हणजे मालक मीच की.

त्या संध्याकाळी हिशेबात
अकरा तिकिटं फाडलेली, पोहणारं कुणी नाही.
पैसे तिनं स्वतःच्या बटव्यातून भरले.
मी विचारलं तर म्हणाली, बटाटे सोल.

सत्त्याण्णवच्या जुलैत ओद्रा शहरात शिरली.
तिकीटखिडकीच्या कमानीपर्यंत तपकिरी पाणी,
त्यावर एक दार आणि कुणाची तरी भोपळ्यांची टोपली.
आई तिसऱ्या मजल्यावरून बघत म्हणाली,
आज सगळे फुकट.
पाणी उतरलं, गाळ राहिला,
महापालिकेनं कुलूप लावलं,
आणि त्या कुलपालाच सात वर्षं गंज चढला.

पाडायला आले तेव्हा आई नव्हती.
यंत्रावरचा पोरगा भला होता,
म्हणाला, काकू, कुठली फरशी हवी?
म्हटलं, सुटी निघेल ती.
एम निघाला. दोन होते,
म्हणजे शब्द तसा अजून वाचता आला असता,
पण तोवर पुढचा दात भिंतीत घुसला होता.

आता तिथं सुपरमार्केटचं पार्किंग आहे.
भराव नीट दाबला नसावा.
कुणी सामानाची ट्रॉली मोकळी सोडली
की ती थोडी थरथरते,
मग कुणी ढकलल्याशिवाय, अगदी हळू,
खोल बाजूला जाते.