तीन टोकं

पिएलिनेन सरोवरावरचा शेवटचा बर्फ जाऊन
अकरा दिवस झालेत.
टूरे लाकडी मासा पालथा धरतो,
पोटाखालच्या कडीतून तीन टोकांचा गळ
पक्कडीनं उकलून काढतो,
बिस्किटांच्या डब्यात टाकतो. टिण्.
डब्यात असे चाळीस तरी असतील,
एकमेकांत अडकलेले.
एक उचलावा तर सगळं गणगोत वर येतं.

तीन टोकं म्हणजे तीन संधी,
हे तोच सांगायचा, मी नवी होते तेव्हा.
हाउकीचं तोंड म्हणजे नुसतं हाड आणि दात,
एक टोक घसरलं तर दुसरं,
दुसरं चुकलं तर तिसरं.
जाड तार सरळ होत नाही, पण शिरायला जोर मागते.
बारीक तार लोण्यात जावी तशी जाते
आणि मोठ्या माशापुढे वाकून नमस्कार करते.
गवताळ पाण्यात मात्र एकच टोक, आभाळाकडे वळलेलं,
नाहीतर दिवसभर शेवाळच ओढत बसशील.
मी सगळं वहीत लिहून घेतलं होतं.

मग गेल्या मे महिन्यात तो एकटाच गेला.
एक टोक माशाच्या जबड्यात,
दुसरं टूरेच्या अंगठ्यात, उलट्या काट्यासकट,
तिसरं मोकळं, चमकत.
मासा उसळे तसा अंगठा उसळे.
पक्कड नावेच्या पार पलीकडच्या टोकाला.
चार किलोचा मासा मांडीखाली दाबून
दोघं तोंड उघडं टाकून बसले,
पाऊण तास.
हे त्यानं मला एकदाच सांगितलं,
तेही कॉफी ओतताना, कपाकडे बघत.

आउने तर किती वर्षं गळ घालत होती,
एकटा जाऊ नकोस म्हणून.
तिच्या गळाला उलटा काटा नव्हता,
तो निसटत राहिला.

आता एकच टोक बसवतो,
त्याचाही काटा चेपून टाकतो.
कालेर्वो दारात उभा राहून कुरकुरतो,
"दहातले चार सुटतात."
"सहा मिळतात ना?" टूरे मान वर न करता.
पण रविवारी त्याचा स्वतःचा सुटला
तेव्हाच्या शिव्या
समोरच्या बेटापर्यंत ऐकू गेल्या.

खरी अडचण वेगळीच.
दोन टोकांचं वजन गेलं
आणि आमचे मासे पोहणं विसरले.
डावीकडे कलंडतात, लग्नातून परतणाऱ्या काकांसारखे.
म्हणून पोटातला शिशाचा मणी दोन मिलिमीटर मागे,
पुन्हा रंग, पुन्हा लाख, पुन्हा वाळवणं,
पुन्हा सौनाशेजारचा पत्र्याचा टब.
मी दोरा धरून कडेकडेनं चालते.
तो वाकून बघतो,
टबाच्या काठावर तो अंगठा,
नखाखाली अजून निळसर.
"अजून थोडं मागे," म्हणतो.
पाण्यात लाकूड थरथरतं,
कलतं, सावरतं,
कलतं.