वजनकाटा, सावर्डे

खाणी बंद झाल्या आणि काट्यावर गंज चढला.
माझी खोली तशीच राहिली: टेबल, पंखा,
पावत्यांचे गठ्ठे, खिडकीत जुवारी
आणि नांगरल्या जागी कुजणाऱ्या तीन बार्जी.

शाळेतल्या ग्रासिया टीचरनं जुना लॅपटॉप आणून दिला.
'तुमची नजर आकड्यांची, काका. मुलं कंटाळतात.'
चार चित्रं, आभाळाच्या एकाच तुकड्याची,
वीस-वीस मिनिटांनी काढलेली, कुठल्याशा परक्या डोंगरावरून.
एकामागून एक लुकलुकवायची.
तारे हलत नाहीत. हलेल ते आपलं.

हलल्यासारखं पुष्कळ वाटतं.
कॅमेऱ्याची खरूज, भरकटलेला किरण,
माझ्याच चष्म्यावरचं बोट.
अकराव्या रात्री एक कण,
आहे म्हणावं तर आहे इतपतच,
चार चित्रांत चार जागी, सरळ रेषेत, सारख्या अंतरानं,
पहिल्या गिअरमध्ये घाट चढणाऱ्या
भरल्या गाडीसारखा.

टीचरनं कळवलं. दूर कुणीतरी ताडून पाहिलं.
मग नाव नव्हे, नंबर आला:
वर्ष, दोन अक्षरं, तीन आकडे.
ही तर गाडीची पाटी, मी म्हटलं.
'टेंपररी आहे. पासिंगला वर्षं लागतील.'

तिनं वहीत सूर्य काढला, मंगळ, गुरू,
मधे पेन्सिलनं वाट, एका बाजूला किंचित ओढलेली.
एक ट्रिप चार वर्षं सात महिन्यांची.
वाटेत जेटी नाही. कुठं खाली करायचं नाही.
मग हा उलटा का चाललाय, पश्चिमेला?
'आपण आतल्या लेनमध्ये, काका.
आपण त्याला ओव्हरटेक करतोय.'

हे मला कुणी शिकवायला नको.
घरी जाताना कुणाच्या तरी केबिनमध्ये बसून
बाबुसो वेळीपची गाडी मी कितीदा
अशीच मागं मागं सरकताना पाहिली होती.
तो हात दाखवायचा. गाडी पुढंच जात असायची, हळू.

पावतीवर दहा टन. गाडीत साडेचौदा.
लिहायला सांगणारे वेगळे होते,
अक्षर माझं.
रिवणच्या उतारावर ब्रेक धरले नाहीत.

कण सूर्याआड गेला. आठ महिने काही नाही.
'हरवतात बरेच,' टीचर म्हणाली,
'थोडाच तुकडा दिसलेला असतो वाटेचा.'
मग एका पहाटेच्या चित्रात तो पुन्हा लागला
आणि हिशेब दोन्हीकडे धावला.
मागं, आणखी मागं,
जवळजवळ तीन ट्रिपांआधीचं एक जुनं चित्र.
कडेला हाच, जिथं असायला हवा तिथंच,
तेव्हा कुणीच न पाहिलेला.

तारीख वाचली. चष्मा पुसून वाचली.
गठ्ठा काढला, दोरा हातात तुटला.
संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटं.
चालक बा. वेळीप. निव्वळ दहा टन.
त्याच रात्री कुठंतरी कॅमेरा उघडा होता
आणि हा आपल्या वाटेवर,
एक विकलाही इकडे तिकडे नाही.

टीचरला यातलं काही बोललो नाही.
बाबुसोचा मुलगा आता दाबोळीला टॅक्सी चालवतो.
भेटला की 'बरें मरे, काका?' विचारतो.

'वजन किती ह्याचं?'
'ठाऊक नाही. आपण फक्त उजेड मोजलाय.
काळा असेल तर तीन किलोमीटर,
उजळ असेल तर दीड.'
'आणि वजन?'
'नाही कळत, काका. एवढ्याशाचं कुणालाच नाही.'

ती गेल्यावर रजिस्टर उघडलं.
पाटी लिहिली. वेळ लिहिली. ट्रिप लिहिली.
निव्वळ वजनाच्या रकान्यावर
पेन टेकवून बसलो.
शाईचा ठिपका पडला, पसरला थोडा.
तोवर लाईट गेली.