आरसे न दुमडता

तुळशीराम वायदंडे निवडून आला त्या रात्री
टिंबर मार्केटपासून गुलालात मिरवत आणला लोकांनी.
हा जीपवर उभा, हात जोडलेले, नजर वर.
विजेच्या तारा किती खाली आल्यात, ते बघत होता.
मी ओळखलं. एकोणीस वर्षं मी बंब चालवला,
हा शेजारच्या सीटवर. तांडेल.

आमच्याकडं वर्दी म्हणजे अंगावरचे कपडे नव्हेत.
वर्दी म्हणजे फोन. कुणाचं तरी पेटलंय,
कुणी मुठेत उतरलंय, कुणाचं मांजर
पत्र्यात अडकलंय.
आम्ही मांजरालाही जातो,
हे त्यानं सभागृहात सांगितलं तेव्हा बाकं हसली.
हा म्हणाला, अध्यक्ष महोदय,
मांजर काढताना गल्ली कळते.

चिंचेची गल्ली आम्हाला कळली ती मात्र उशिरा.
साडेसात फूट गल्ली, आठ फूट बंब.
आरसे दुमडले. पोटही आत ओढून घेतलं,
जणू माझंच आड येतंय.
तरी अर्धा फूट उरलाच.
पाइपाला पाइप जोडत हा पळाला, आठ पाइप,
आणि हौसाबाईच्या नातवाला काखेत मारून आला.
नातीसाठी परत गेला.
डाव्या कानामागं त्याला नंतर केस आले नाहीत.
नातीचं नाव मी इथं घेणार नाही.

बावन्नाव्या वर्षी निवृत्ती मागितली, अपक्ष उभा राहिला.
चिन्ह मागितलं शिडी, मिळाली शिट्टी.
पोरांनी पेठा वाजवून काढल्या.

मुंबईत कोरमची घंटा झाली की
हा टेबलाखाली बूट शोधायचा.
पायात बूट असायचे.
प्रश्न टाकला, पेठेतल्या गल्ल्यांत बंब जात नाही, हे खरे आहे काय?
छापील उत्तर आलं: हे अंशतः खरे आहे.
तो कागद घेऊन माझ्याकडं आला रात्री.
बागवान, म्हणाला, आपण अंशतः गेलो होतो का रे त्या दिवशी?

चार वर्षं लागली. चौदा फूट मंजूर झाले.
मोजायला हा स्वतः आला,
पत्र्याच्या डब्यातून फक्कीची रेघ ओढत,
दोन्ही बाजूंना सव्वातीन-सव्वातीन फूट.
ओटे गेले. पायऱ्या गेल्या. शिवणाचं मशीन ठेवायची जागा गेली.
हौसाबाई रेघेवरच उभी राहिली.
नातू दिलास, म्हणाली, मोरी नेलीस.
सुना आंघोळीला कुठं बसतील, ते सांग.
अंशतःसुद्धा उत्तर नव्हतं त्याच्याकडं.
रेघ मात्र त्यानं वाकवली नाही.

सहाशे बारा मतांनी पडला.
चिंचेच्या गल्लीच्या बूथवर त्याला एकोणचाळीस.
मी म्हणालो, हरामखोर आहेत.
म्हणाला, मोरी गेली तर तू दिलं असतंस मत?
मी गप्प. माझ्या घरात तीन सुना.

आता संध्याकाळी केंद्रासमोरच्या कट्ट्यावर बसतो आम्ही.
त्याला पेन्शनी दोन, चहा एकच मागवतो, अर्धा मला.
परवा गार रात्र होती. वर्दी आली.
गेट उघडलं, बंब सुटला,
आणि आम्ही दोघंही उभे होतो, कधी उठलो कळलं नाही.
भोंगा वळला तशी गल्ली समजली.
तिच्या तोंडाशी आवाज थांबायचा नेहमी,
मग नुसती पळापळ.
थांबला नाही.
आत गेला, आणखी आत,
आरसे उघडे ठेवून गेला असणार.

पोरगा थर्डवर आहे, मी म्हणालो,
तिथं सेकंड टाकायला पाहिजे.
टाकेल, तुळशीराम म्हणाला,
आणि कानामागं खाजवत खाली बसला.
बशी माझ्या हातात कलली होती,
चहा मनगटावरून कोपरापर्यंत गेला होता.