अंगठा

मार्केट यार्डात, मगदूमांच्या अडतीत
एकोणीस वर्षं वह्या लिहिते मी.
पेनाला गूळ, टेबलाला गूळ, बांगड्यांना गूळ.
पहिल्या हंगामात आण्णाप्पा म्हणाले,
"बाई, आकडा कुठनं येतो, ठावं हाय?"
आणि खांद्यावरचा टॉवेल काढून
दोन हातांवर टाकला:
एक त्यांचा, एक सुभान हमालाचा.

मनगट धरलं की शेकडा.
बोट धरलं की दहा.
पेर चेपलं की पाच.
"बायामाणसाला टॉवेलाखाली हात घालता यायचा न्हाई.
तू आपली तोंडं वाच."

तोंडं वाचली.
पाच रुपयांसाठी कोण पत्र्याकडं बघतो,
खोटं बोलून झालं की पिंक टाकायला कोण उठतो,
कुणाच्या कानाची पाळी लाल होते.
सगळीकडं हमालांचा आरडाओरडा,
आणि मधोमध सौदा इतका मुका
की रव्यावरच्या माशीलाही कळायचा नाही.

आता सुभान रवा ट्यूबलाइटखाली फिरवतो,
मी चारी बाजूंनी फोटो काढते.
ग्रुपचं नाव 'गूळ एक नंबर'.
राजकोट, मेहसाणा, सुरत,
सकाळच्या गुलाबांच्या गर्दीत कुठंतरी भाव.

पौषातला मंगळवार. साठ रवे.
'हसमुखभाई, गाडी भरू का?'
उत्तरादाखल एक अंगठा आला,
पिवळाधमक, आमच्या गुळासारखाच.
गाडी भरली.
तिसऱ्या दिवशी राजकोटच्या फाटकाशी ती उभी,
आणि फोनवर हसमुखभाई,
"मी तर फक्त बघितलं असं सांगितलं, बेन."

आण्णाप्पांनी मोबाइल लांब धरला, जवळ धरला.
"ह्यो अंगठा सहीचा, का दाखवलेला?"

दुकानात कुणी बोललं नाही.
आपल्यात अडाण्याचा अंगठा कागदावर उठला
की शेताचे बांध हलायचे.
शहाण्यानं अंगठा दाखवला
की माणूस मुळासकट हलायचा.
ह्या अंगठ्याला रेषाच नव्हत्या.
मी बोटांनी मोठा करून बघितला.

शेवटी किलोमागं दहा सोडले.
हमाली, तोलाई, वटाव,
त्याखाली मी नवीन ओळ घातली:
गैरसमज, अठरा हजार.
आण्णाप्पांनी वाचली. खोडली नाही.

त्या रात्री प्रणोतीला लिहिलं, जेवलीस का?
अंगठा.
खोकला गेला?
अंगठा.
पगार झाला का गं?
अंगठा.

पेठेत असताना ही 'जेवलो' म्हणायची,
'आलो', 'दमलो', 'जातो गं आई',
आमच्या इथल्या सगळ्या पोरींसारखी.
पुण्यात ऑफिसातलं कुणी हसलं.
मग दोन महिने 'जेवले' झालं,
आणि मग काहीच नाही, नुसता हा
बिनरेषांचा.
मीही वह्यांत राहून राहून
वह्यांसारखी बोलायला लागले आहे,
म्हणून तिला काही म्हणत नाही.

शनिवारी पहाटेच्या एसटीनं आली,
सॅक दारातच टाकली, वाकळ ओढून पडली.
मोबाइल उशाशी थरथरत होता, उलटा.
मी शेजारी बसले.
वाकळेच्या कडेतून हात आत घातला.
एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच.

मनगट धरलं. सोडलं.
मग एक बोट.
मग करंगळीचं पेर, हळूच,
लहानपणी पाटीच्या कडेनं कापलं होतं तेच.
ती झोपेतच होती.
तिनं माझी दोन बोटं मुठीत घेतली, चेपली,
परत चेपली.
"दमलो गं," म्हणाली.

भाव काय निघाला ते
टॉवेलाबाहेर सांगायचं नसतं.
सौदा मोडला तर हात आपला आपण काढून घ्यायचा,
एवढं आण्णाप्पांनी शिकवलंय.

दूधवाल्यानं दोनदा बेल वाजवली.
मी उठलो नाही.